मोरीच्या तेलाचे तीन हात

मी एक वेटसूट. समुद्रात बुडी मारणारी माणसं अंगात चढवतात तो काळा, रबरी, अंगाला घट्ट बसणारा पोशाख म्हणजे मी. पत्ता विचाराल तर देवबाग, तालुका मालवण, फेबीच्या घराची पडवी, उजवीकडून दुसरा खिळा. पहिल्या खिळ्यावर छत्री असते. आमचं एकमेकांशी बरं आहे.

माझ्याजवळ आलात तर आधी नाक दाबाल. खुशाल दाबा, मला राग नाही. फेबीच्या आईने, आल्बिनाने, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. तिच्याकडे उतरलेला प्रत्येक पाहुणा पहिल्याच सकाळी विचारतो, "इथे काही मेलंय का हो?" मेलेलं काहीच नाही. तो वास माझा आहे. तो मला कसा लागला आणि मी तो का मिरवतो, हे एकदा कोणाला तरी सांगावं म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. देश नक्की कोणता ते सांगता येणार नाही, कारण मला जाग आली तेव्हा मी पुठ्ठ्याच्या खोक्यात होतो. एवढं आठवतं, की फेसाळ, हलक्या रबराचा एक मोठा तक्ता होता. त्यातून माझे हात, पाय, छाती, पाठ कापली गेली. कडा डिंकाने जोडल्या आणि वरून शिवण मारली. अंग तीन मिलिमीटर जाड, खांदे मात्र दोनच. गुडघ्यांवर नव्यातच ठिगळं. पाठीला कंबरेपासून मानेपर्यंत चेन आणि तिच्या टोकाला हातभर लांब दोरी. मला वाटायचं, आपल्याला घडवताना कारागिराचं लक्ष नव्हतं. खांद्याला रबर कमी पडलं, ते गुडघ्यावर नेऊन चिकटवलं, आणि चूक झाकायला मागे शेपूट लावलं.

खोकं उघडलं ते मालवणात, विराजच्या टपरीवजा दुकानात. विराज पर्यटकांना बोटीतून नेऊन समुद्राचा तळ दाखवायचा. त्याच्याकडे बांबूच्या आडव्या काठीवर आम्ही वीसेक जण ओळीने लटकलेलो असायचो. रोज नवी माणसं यायची, आम्हाला अंगात घालून पाण्यात उतरायची, आणि थिजल्या ओठांनी हसत वर यायची.

माणसांच्या सवयी मी तिथे शिकलो. माणूस सूट निवडतो तो आरशात बघून. पाणी कसं असेल, आपण त्यात काय करणार आहोत, हा विचार त्याच्या मनातही येत नाही. निळी पट्टी असलेला सूट कोणाला मिळावा यावरून मी सख्ख्या भावांना भांडताना पाहिलंय. पोट आत ओढून फोटो निघाला की अर्धं काम झालं. बाकी पाण्याखाली गेल्यावर आमच्या आत माणसं काय काय करतात ते मी सांगणार नाही. तेवढी अब्रू मी राखतो.

मला फारसं कोणी घेत नसे. छातीवर एकही पट्टी नाही, गुडघ्याला ठिगळं, वर अंगाला घट्ट. "हा काय मेकॅनिकचा ड्रेस आहे का?" असं एका गृहस्थांनी विचारलं होतं. हळूहळू मी काठीच्या अगदी टोकाला गेलो. तिथे ऊन यायचं नाही आणि गिऱ्हाईकही.

अशात एका नोव्हेंबरातल्या सकाळी फेबी आली.

पंचविशीतली, उन्हाने रापलेली, केस करकचून बांधलेले. आरशाकडे तिने पाठच केली.

"विराज, माका एक सूट व्हयो. इकत."

"इकत? तुका कित्याक?"

"शिनाण्यांक जातलंय. म्हातारीच्या खडपार. कयाकवरसून बुडी मारूची आसा."

शिनाणे म्हणजे समुद्रातल्या खडकाला घोसांनी चिकटून वाढणारे हिरवट काळे शिंपले. खडकाला इथे खडप म्हणतात, आणि म्हातारीचं खडप किनाऱ्यापासून चांगलं अर्ध्या तासाच्या वल्ह्यावर आहे. एका होमस्टेवाल्याने काढून टाकलेली पिवळी प्लॅस्टिकची कयाक, म्हणजे एका माणसाची वल्ह्याची होडी, फेबीने घेतली होती. ती घेऊन एकटीने तिथवर जायचं, बुड्या मारायच्या आणि टोपली भरून परत यायचं, असा तिचा बेत होता.

विराजने लगेच आपला लाडका निळा सूट काढला. पाच मिलिमीटर जाड. "ह्यो घे. ह्येच्यात थंडी वाजाची नाय."

फेबीने तो घातला आणि सरळ जमिनीवर पाय पसरून बसली. कोपऱ्यातला झाडू उचलला, दोन्ही हातांनी आडवा धरला आणि वल्हं मारायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

"गो फेबी, सूट बघतस काय केर काढतस?" विराज हसायला लागला.

ती मोजत होती. चाळीस झाल्यावर थांबली. कपाळावरून घाम निथळत होता. "बघलंस? म्हातारीपर्यंत पोचासर मी ह्येच्यात शिजान जायन. खांदे तर आताच भरान इले. नि इतक्या जाड रबर घालून खाली जावचा म्हटल्यार कमरेक शिसा किती बांधूचा? ता शिसा त्या एवढ्याशा कयाकवर खंय ठेवू?"

जाड रबर तरंगतं, म्हणून खाली जायला कमरेला शिशाचं वजन बांधावं लागतं. विराजने निळा सूट परत काठीला लावला. त्याच्याकडे गिऱ्हाईक बोटीने जायचं, बसून जायचं. वल्हं मारत जाणाऱ्याला अर्धा वेळ ऊन आणि अर्धा वेळ गार पाणी, दोन्ही सोसायला लागतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

एक सूट मोठा झाला. तो तिने लगेच उतरवला. ढगळ सूट काही कामाचा नाही, कारण आम्ही पाणी अडवत नाही. अंग आणि आम्ही यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर शिरतो, तो अंगाच्या उबेने तापतो, आणि तीच ऊब आम्ही धरून ठेवतो. सूट ढगळ असला की तापलेलं पाणी जातं आणि गार पाणी येतं. दुसरा एक बसला छान, पण त्याची चेन लावायला विराजला मागे यावं लागलं. "दर्यात माझ्या पाठीमागे कोण येतलो?" म्हणून तिने तोही परत केला.

मग तिचा हात काठीच्या टोकापर्यंत आला.

पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून तिने मला सर्रकन वर ओढलं, म्हणजे रबर पायाला अडकत नाही. उजवा हात मागे नेला, माझी शेपटी तिच्या मुठीत आली आणि एका ओढीत चेन मानेपर्यंत. मग जमिनीवर बसून झाडूची चाळीस वल्ही. माझे पातळ खांदे तिच्या खांद्यांबरोबर असे फिरले, की मलाच नवल वाटलं. शेवटी विराजच्या बाकावर ती पोटावर आडवी पडली आणि गुडघे घासत वर चढली, पाण्यातून कयाकवर चढावं तशी. ठिगळांनी घासणं सोसलं.

"ह्योच," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तिन्ही व्यंगांचा अर्थ मला कळला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तेव्हापासून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: सूट घ्यायचा तर आरशासमोर उभं राहून घेऊ नका, जमिनीवर बसून घ्या.

घरी मात्र आमचं स्वागत काही झालं नाही.

फेबीचे वडील वॉल्टर पडवीत जाळं शिवत बसले होते. सत्तरीला टेकलेले, डाव्या कानाने बहिरे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. तरुणपणी म्हातारीच्या खडपावर त्यांच्याइतका वेळ खाली राहणारा दुसरा कोणी नव्हता. अंगात जुना सदरा, कमरेला पंचा, बस्स. कान गेला तो तिथेच. पुढे त्यांनी बुडी सोडली, लाकडाची होडी केली, वीस वर्षं ती चालवली आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा विकली.

त्यांनी मला दोन बोटांत धरून पाहिलं.

"ह्या घालून त्या बादलेत बसान म्हातारेक जातलंस?" कयाकला ते बादलीच म्हणतात, अजूनही.

"होय पप्पा."

"दर्यात बुडान कोण मरणा नाय, फेबी. थंडीन मरता. हात लाकडासारखे होतत, नि वर येवचा आसा ह्या ध्यानातच ऱ्हवणा नाय. माका माझ्या भावान केसांक धरून वर काढल्यान म्हणान मी आज हय बसलंय. तुका कोण काढतलो? ह्या चिमटीएवढ्या रबर?"

फेबीने समजावून पाहिलं. तीन मिलिमीटर पुरतात, हे पाणी काही बर्फाचं नाही, मी हे शिकून आलेय, बरोबर शिट्टी आहे, मम्मीला वेळ सांगून जाते. वॉल्टरनी जाळं खाली ठेवलं नाही. त्यांचा चांगला कान तिच्याकडे होता, तरी त्यांनी काहीच ऐकलं नाही.

त्या घरात एक रीत होती. घरातली होडी पहिल्यांदा पाण्यात जाताना तिला घरातल्या मोठ्या माणसाचा हात लागायचा. वडिलांनी कपाळावर, छातीवर क्रूस करायचा, होडीच्या मागच्या टोकाला हात टेकायचा आणि लोटायची. वॉल्टरची होडी त्यांच्या वडिलांनी लोटली होती. फेबीला तेवढंच हवं होतं. तिने पैसा मागितला नाही की मदत मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कयाकजवळ उभी राहून तिने हाक मारली.

"लाकडाच्या व्हडयेक हात लावतंय मी," पडवीतून उत्तर आलं. "बादलेक नाय."

मग तिने ती एकटीनेच वाळूतून फरफटत नेली. पडवीकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

तो हंगाम मात्र सोन्यासारखा गेला. सकाळी निघायचं. ऊन चढलं की ती मला कमरेपर्यंत सोलून काढायची, माझे हात कमरेला बांधायची आणि वल्हं मारत राहायची. म्हातारीशी पोचल्यावर नांगर टाकायचा, मला पुन्हा वर ओढायचं, शेपटी खेचायची आणि बुडी. खाली हिरवट अंधारात ती लोखंडी पट्टीने शिनाण्यांचा घोस सोडवायची. खडपाच्या धारेने माझे गुडघे खरचटायचे, तिचे नाही. एका दिवसात तीस बुड्या झाल्या तरी तिचे हात लाकडासारखे झाले नाहीत. मी ऊब धरून ठेवत होतो. दुसरं मला काही येत नाही, पण तेवढं मी जीव लावून केलं.

एक गोष्ट मला ठाऊक होती, तिला नव्हती. दर्याकडे जाताना तिचं तोंड पाण्याकडे असायचं आणि माझी पाठ किनाऱ्याकडे. त्यामुळे मला रोज दिसायचं. सुरूच्या झाडांत एक माणूस येऊन उभा राहायचा. कपाळावर हात धरून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पिवळा ठिपका दिसतोय का बघत. आम्ही परत फिरलो, ठिपका मोठा व्हायला लागला, की तो माणूस हळूच घराकडे वळायचा. फेबी किनाऱ्याला लागेपर्यंत तो पडवीत जाळं शिवत असायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं मागे वळून बघ. पण वेटसूटला तोंड नसतं. आज उघडलंय ते फक्त तुमच्यासमोर.

मे संपत आला आणि दर्या बंद झाला. पावसाळ्यात फेबी मडगावला मावशीच्या बेकरीत कामाला जायची. जाताना तिने मला गोड्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं आणि पडवीतल्या खिळ्यावर, चांगल्या रुंद हँगरला लावलं. "सांभाळून ऱ्हव," असं मला म्हणाली आणि बसला गेली.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी वॉल्टर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

त्यांच्या हातात एक जुनी काचेची बाटली होती. मोरी म्हणजे लहान शार्क मासा. त्याचं यकृत उकळून काढलेलं हे तेल. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की तिला गोड्या पाण्याने धुवायचं, उन्हात सुकवायचं आणि हे तेल आतून बाहेरून पाजायचं, की लाकडात पाणी शिरत नाही. एक हात द्यायचा, तो मुरला की दुसरा, मग तिसरा. बुड्या मारायच्या दिवसांत थंडीसाठी वॉल्टर तेच तेल अंगालाही चोळायचे. होडी विकली तेव्हा सगळं दिलं, वल्ही दिली, नांगर दिला. ही एक बाटली तेवढी त्यांनी मागे ठेवली होती.

त्यांनी मला अंगणात बाकावर निजवलं. फडका तेलात बुडवला. माझ्या छातीवरून हात फिरवत ते बोलायला लागले, माणूस गुरांशी बोलतो तसं.

"रबर काय नि लाकूड काय. पाणी आत शिरला काय थंडी शिरली. चेडवाक थंडी वाजाक नको." चेडू म्हणजे लेक.

मला कळत होतं की हे काही बरं होत नाहीये. डिंक सैल पडतोय, अंग फुगतंय, हे मला आतून जाणवत होतं. पण त्या हाताला मी काय सांगणार? ज्या हाताने बादली लोटायला नकार दिला, तो हात माझ्या एकेका शिवणीवरून इतक्या हळुवार फिरत होता. चेनीच्या दात्यांत त्यांनी कापसाच्या वातीने तेल सोडलं. गुडघ्यांची खरचटलेली ठिगळं चाचपून पाहिली. खांद्यांशी आल्यावर थांबले, चिमटीत रबर धरून पुन्हा पुन्हा मोजलं.

"हय पातळ ठेवल्यानी मेल्यानी. हयसूनच थंडी शिरतली."

आणि अंगाला तीन हात दिले, तर खांद्यांना चार.

सप्टेंबरच्या अखेरीस फेबी परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने मला खिळ्यावरून काढलं, आणि तिच्या हाताला चिकट लागलं. माझं वजन दुपटीने वाढलं होतं. अंगभर फुगवटे आले होते. तिने खांद्याशी जरा ताणून पाहिलं तर शिवण धरून होती, पण आतला जोड तोंड उघडल्यासारखा सुटला होता. दोन्हीकडे. वास तर विचारूच नका.

ती मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मग आल्बिना बाहेर आली तेव्हा तिचा बांध फुटला.

"पप्पांनी मुद्दाम केल्यानी मम्मी. मी जावक नको म्हणान. बोलान अडवक जमला नाय, म्हणान ह्या असा."

"तसा नाय गो," आल्बिना म्हणाली.

"मगे कसा? पुरो नासवल्यानी! ह्यो घालून मी आता खंय जाव?"

ती रडत होती, आणि तिचा राग तिच्या बोटांतून माझ्यात उतरत होता. मी तेलाने माखलेलो, सत्य माझ्याच अंगावर लिहिलेलं, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास तो. बापलेकीत कायमचं अंतर पडणार आणि त्याला कारण मी, असंच मला वाटलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. वॉल्टर बाजारातून येत होते, हातात मासळीची पिशवी. फेबी झटक्यात उठली. ओठांवर आलेले शब्द मला तिच्या श्वासावरून कळत होते. ते एकदा बाहेर पडले असते तर परत घेता आले नसते.

पण वॉल्टरचा चेहरा तिला पाहून उजळला. मोतीबिंदूने त्यांना तिचे रडलेले डोळे दिसले नाहीत. दिसलो तो मी, तिच्या हातातला.

"बघलंस?" ते म्हणाले. "तीन हात दिलंय. खांद्यांक चार. व्हडयेक कधी चार हात देवक नाय मी. श्येवटची बाटली होती, सगळी घातलंय. आता काय बिशाद थंडीची!"

तिने माझ्याकडे पाहिलं. चेनीच्या एकेका दात्यातलं तेल तिने आता पाहिलं. ठिगळांच्या कडेने बोटाने नीट फिरवलेलं पाहिलं. होडीवाल्याची पोर ती. कोणत्या होडीला किती हात देतात आणि कशासाठी देतात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिने मला नीट खांद्यावर घेतलं.

"बरा केलात पप्पा," ती म्हणाली. "माका ह्याच व्हया होता."

आल्बिना आत गेली आणि भांडी उगाच जोरजोरात वाजवायला लागली. मला वाटतं, ती डोळे पुसत असावी.

दुसऱ्या सकाळी फेबीने मला अंगात चढवलं. चेन लावायची दोरी ओढली आणि आम्ही कयाकपाशी आलो. तिने हाक मारली नाही. वॉल्टर आपणहून आले. चपला वाळूत काढल्या. कपाळावर, छातीवर क्रूस केला. पिवळ्या प्लॅस्टिकवर आपला तळवा टेकला, क्षणभर तसाच ठेवला, आणि लोटलं. पिवळी बादली लाटेवर चढली.

त्या दिवशी म्हातारीच्या खडपावर मी अगदीच कुचकामी ठरलो, हे कबूल करतो. फेबी बुडी मारायची आणि सुटलेल्या खांद्यांतून गार पाणी धो धो आत यायचं. माझ्या अंगचं तेल पाण्यावर रंगीत तवंग होऊन पसरलं होतं, आणि दोन छोटे मासे ते बघायला आले होते. तीस बुड्यांच्या जागी सात झाल्या. आठवीच्या आधी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा शहाणपणाने ती वर चढली आणि उन्हात बसून कुडकुडत हसायला लागली. हसता हसता रडली. "मेल्या, तुझ्या खांद्यातसून सगळो दर्या आत येता रे," असं मला म्हणाली आणि स्वतःलाच दोन्ही हातांनी मिठी मारली. म्हणजे मलाही.

परतताना तिचं तोंड किनाऱ्याकडे होतं. सुरूच्या झाडांतला माणूस त्या दिवशी लपला नाही. पुढे पाण्यापर्यंत आला आणि कयाक ओढून घेतली.

"थंडी वाजली?" त्यांनी विचारलं.

फेबीने वाजणारे दात घट्ट दाबून धरले. "अजिबात नाय."

"माका ठावक होता," वॉल्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती विराजकडे गेली, जमिनीवर बसून झाडूची चाळीस वल्ही मारून आली आणि माझ्यासारखाच एक नवा काळा सूट घेऊन आली. तो राहतो मागच्या खोलीतल्या निळ्या ड्रममध्ये, झाकण लावून. सकाळी फेबी नवा सूट घालते आणि मला ड्रममागे दडवते. परत आली की तो ड्रममध्ये आणि मी खिळ्यावर. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दोघेही सारखेच. वॉल्टर रोज येतात, रोज लोटतात. फेबीला वाटतं, पप्पांना काही कळलेलं नाही.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली फक्त मला माहीत आहे.

पुढच्या मे महिन्यात, फेबी मडगावला गेल्यावर, वॉल्टर नवी बाटली घेऊन माझ्यापाशी आले. देवगडच्या बंदरातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम आणवलेली. मला बाकावर निजवलं, माझ्या छातीवरून कोरडं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. समुद्रातून आलेल्या कुठल्याही वस्तूला ती किती भिजली हे कोळी असंच विचारतो. मग गुडघ्यावरून फिरवलं, खांद्यावरून फिरवलं, पुन्हा जिभेला लावलं.

माझ्या अंगावर मीठ नव्हतं. गोड्या पाण्यात कितीही धुतलं तरी हंगामभराचं मीठ शिवणींत, ठिगळांच्या कडेला उरतंच. हंगामभर दर्यात गेलेल्या सूटच्या अंगावर कणभरही मीठ नाही, फक्त जुनं तेल.

ते उठले, मागच्या खोलीत गेले. ड्रमचं झाकण उघडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मग अगदी हळू लावल्याचा. परत आले तेव्हा हसत होते, पण डोळे पाणावलेले.

"थंडीत कुडकुडान बापाक नाय म्हणान सांगल्यान," ते मला म्हणाले. "त्या ड्रमातल्याक मी हात लावचंय नाय. तेका त्याल सोसणा नाय, ता माका आता कळला. पण तू तिका सांगा नको हां."

मग फडका तेलात बुडवला आणि मला तीन हात दिले. खांद्यांना चार.

तेव्हापासून दर वर्षी हेच चाललंय. आता माझा काहीही उपयोग उरलेला नाही. मी फुगलोय, सुटलोय, मला घालून कोणी चार हात पाण्यातही उतरणार नाही. तरी या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याइतकी निगा कुठल्या नव्याकोऱ्या सूटचीही होत नसेल. मला एकदा पडवीतून काढून टाका असं आल्बिना दर पाहुण्यामागे एकदा म्हणते. बापही ऐकत नाही आणि लेकही ऐकत नाही.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. कधी देवबागला आलात, आल्बिनाच्या हातचं शिनाण्यांचं सुकं खायला बसलात आणि पडवीतून वास आला, तर नाक दाबा, पण काही विचारू नका. लेकीला बापाचं सांगू नका, बापाला लेकीचं सांगू नका.

आज मेची एकोणतीस तारीख. फेबी कालच्या बसने मडगावला गेली. तीन हात देऊन झालेत, मी बाकावर उन्हात मुरत पडलोय. वॉल्टर जेवून येतो म्हणालेत. खांदे अजून राहिलेत.